सोसायटीत दुसरा ब्रॉडबँडवाला आणायचा तर

इमारतीत एकच इंटरनेट कंपनी असली, की कारण बहुधा दरात नसतं, डक्टमध्ये, म्हणजे केबल वरखाली नेणाऱ्या उभ्या शाफ्टमध्ये असतं. बिल्डरने किंवा जुन्या कमिटीने एकाला शाफ्टची किल्ली दिलेली असते, त्याने पाइप भरून टाकलेला असतो, आणि दुसऱ्याला केबल वर न्यायला जागाच नसते. म्हणून प्लॅन नंतर बघा. आधी वायरमनला घेऊन गच्चीपासून तळमजल्यापर्यंत डक्ट उघडा आणि चालू केबलना चिठ्ठ्या लावा. मेलेल्या केबल मालकाला लेखी कळवून काढून टाका. तरीही जागा नसेल तर प्रत्येक कंपनीला वेगळा २५ मिमी पीव्हीसी पाइप द्या. विजेच्या वायरींच्या पाइपात केबल घालू देऊ नका. स्लॅबमधली भोकं अग्निरोधक सीलंटने बुजवून घ्या, नाहीतर आगीत तोच शाफ्ट धुराडं होतो.

करारात 'फक्त आमचीच सेवा' अशा अर्थाचं कलम नको. पाइप सोसायटीच्या मालकीचा, केबल कंपनीची, आणि करार संपल्यावर ती काढण्याची मुदत लेखी. गच्चीवरच्या नेटवर्क स्विचला (नेट घराघरांत वाटणाऱ्या यंत्राला) कॉमन मीटरची वीज जात असेल तर सबमीटर लावा. एकाच कंपनीकडून वर्षाला मोठी रक्कम घेऊन बाकीच्यांना दार बंद करणाऱ्या कमिट्या असतात. ती रक्कम शेवटी रहिवाशांच्याच बिलातून वसूल होते.

मग विचारा: फायबर घरात येणार की फक्त गच्चीपर्यंत? गच्चीवरून लॅन केबल टाकणारे स्वस्त पडतात, पण त्या केबलची मर्यादा १०० मीटर. शिवाय वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातं, कारण वरच्या स्विचला बॅकअप नसतो. पावसाळ्यात विजांनी हेच स्विच जळतात. घरापर्यंतच्या फायबरमध्ये वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला) वीज लागतच नाही.

फायबर जोडल्यावर लाइनमन जायच्या आत ओएनटीच्या (फायबर घरात ज्या डब्याला जोडतात त्याच्या) सेटिंगच्या पानावर येणारी ऑप्टिकल पॉवर, म्हणजे प्रकाशाची ताकद बघा. ती डीबीएममध्ये मोजतात; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका प्रकाश जास्त. जीपॉनमध्ये (घरापर्यंतच्या फायबरच्या नेहमीच्या प्रकारात) साधारण -२७ डीबीएम ही खालची हद्द. -१५ ते -२४ असेल तर निवांत. १:३२ स्प्लिटर (एकाचे ३२ फाटे करणारा) एकटाच सुमारे १७ डीबी खातो, त्यामुळे दारातल्या छोट्या चुकीलाही फारशी मुभा उरत नाही. सरकत्या खिडकीत चेपलेली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेली केबल हे नेहमीचे दोषी. जी.६५७ए२ प्रकारची फायबर ७.५ मिमी त्रिज्येपर्यंत वळण सोसते, साधी जी.६५२डी ३० मिमीच्या आत वळवू नये. हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकांना जोडू नका: हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, मधे फट राहते. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, नाहीतर पाणी केबलवरून थेट सॉकेटशी येतं.

बॅकअप म्हणून दोन कनेक्शनं घेत असाल तर दोघांच्या केबल गेटबाहेर कुठून येतात ते चालत जाऊन बघा. एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत असतील तर रस्ता खोदताना दोन्ही एकदमच तुटतील. दोन नावांमागे स्थानिक केबलवाला एकच, असंही सर्रास असतं.

जुनं कनेक्शन लगेच तोडू नका. नवं आठवडाभर रात्री ८ ते ११ या वेळेत, वायफायवर नाही तर केबलने लॅपटॉप जोडून तपासा. घरचे कॅमेरे बाहेरून थेट आयपीवर बघत असाल तर पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा नेटवरचा पत्ता) मिळतो का, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे आधीच ठरवा. जुना राउटर परत करताना सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या. डिपॉझिट त्याशिवाय सुटत नाही.