जीपीएस युनिट की फोन? सायकलवर रस्ता शोधताना या चुका टाळा

पहाटेचे सव्वापाच, शिवडी. परळहून उरणला निघाले होते. हँडलवर फोन, फोनवर ठळक निळी रेघ. रेघेमागून मुकाट चालले होते, तेवढ्यात पुढून शिट्टी वाजली. "ओ ताई, कुठं? सायकल नाय चालत इथं." समोर अटल सेतूचा चढ. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल. त्यावर सायकल तर सोडाच, मोटरसायकल आणि रिक्षालाही बंदी. आदल्या दिवशी टॅक्सीसाठी पत्ता टाकला होता आणि मोड कारचाच राहिला होता. मुकाट्याने भाऊच्या धक्क्याला गेले आणि लाँचने मोऱ्याला उतरले.

हा किस्सा सांगितला की ग्रुपमधला कोणी ना कोणी दादा म्हणतोच, "म्हणून सांगतो, वेगळं युनिट घे." युनिट म्हणजे हँडलवर बसवायचं, रस्ता दाखवणारं जीपीएसचं छोटं यंत्र. ते पुढे घेतलंही. पण त्या पहाटे ते असतं तरी शिट्टी चुकली नसती, कारण त्यात मी तीच रेघ भरून नेली असती.

मोड न बघता निघणं

वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि कळंबोलीपासून पुढचा मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे. चारही ठिकाणी सायकलला मनाई, आणि कारच्या मोडचे हे चारही लाडके रस्ते. मग लोक दुचाकीचा मोड लावतात. गूगल मॅप्सने तो डिसेंबर २०१७ मध्ये भारतात आणला, पण मोटरसायकल डोळ्यांसमोर ठेवून. खोपोलीहून शिंग्रोबाच्या घाटाला लागलात की त्याने सांगितलेल्या वेळेवर घरच्यांना "दहा वाजता पोचते" असं कळवू नका. घाटात तुमचे पाय असतात, इंजिन नसतं.

सायकलींसाठी बनवलेली अ‍ॅप बहुतेक ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात. त्यांची खोड उलटी: त्यांना पायवाटा फार आवडतात. येऊरहून बोरिवलीला जायचं म्हटल्यावर एका अ‍ॅपने मला थेट राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून रेघ ओढून दिली होती. अंतर कमी, सावली भरपूर, आणि बिबटे. ठाणे-बोरिवली बोगदा होईल तेव्हा होईल, तोवर घोडबंदर रोडच.

त्यामुळे रस्ता रात्री घरी बसून, मोठ्या स्क्रीनवर आखा. मध्ये दोन-तीन थांबे स्वतः टाका. उरणसाठी मी वाशी खाडीपूल, पाम बीच आणि बेलापूरचं किल्ला जंक्शन टाकते. मग रेघेला दुसरीकडे पळायला वावच राहत नाही. आणि आखलेली रेघ एकदा बोटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकवत बघा. पाच मिनिटांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण माझ्या ओळखीतल्या निम्म्या फजित्या तेवढ्याने टळल्या असत्या.

भर उन्हात फोन हँडलवर, स्क्रीन सतत चालू

आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं अ‍ॅपलच सांगतं. एप्रिलमध्ये साडेनऊला पनवेलच्या पुढे असाल तर हवा तिथवर आलेलीच असते. त्यात फोनवर थेट ऊन, स्क्रीन पूर्ण उजळ आणि वर पॉवर बँकेची वायर. फोन तापला की आधी स्वतःची स्क्रीन मंद करतो. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असतं, नेमकं तेव्हाच काही दिसत नाही. आणखी तापला की चार्जिंग थांबवतो.

युनिटचा पैसा वसूल होतो तो इथे. बऱ्याच युनिटांची स्क्रीन बाहेरचा उजेडच परत फेकते, त्यामुळे ऊन जितकं जास्त तितकी ती स्पष्ट, आणि बॅटरीवर भार कमी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तासांची मुदत असते. स्क्रीन चालू ठेवून तेवढा वेळ टिकणारा फोन मी अजून पाहिलेला नाही.

फोनच वापरायचा असेल तर स्क्रीन बंद ठेवा, फोन जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा आणि वळणं आवाजात ऐका. एकाच कानात इअरफोन, तोही हळू. शहरात तोही नको. फाटा आला की बाजूला थांबून बघायचं. खिशातल्या फोनचा आणखी एक फायदा. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण आपल्याकडे पेव्हर ब्लॉक आहेत.

पावसात टचस्क्रीनवर भरवसा

फोन वॉटरप्रूफ आहे म्हणजे तो पावसात चालतो असं नाही. पाणी आत जात नाही, इतकंच. स्क्रीनला बोट आणि थेंब यातला फरक नीट कळत नाही. जुलैत कर्जतच्या वाटेवर माझ्या फोनने थेंबांच्या बोटांनी नकाशा झूम केला, मग तो सरकवून अरबी समुद्रात नेला आणि शेवटी नेव्हिगेशनच बंद केलं. पुसायला रुमाल काढला तर तोही ओला. प्लास्टिकचं पाऊच घातलं की आत वाफ धरते, आणि भिजलेल्या पोर्टात वायर घातली तर फोन ओल असल्याचं सांगून चार्जिंग नाकारतो.

पावसाळ्यात राईड करणार असाल तर बटणांचं युनिट घ्या. टचवालं युनिटही थेंबांना फसतं, पण त्यात बहुधा टच बंद करायची सोय असते. ती कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा.

"नेट गेलं म्हणजे जीपीएस गेलं"

जीपीएसला नेट लागत नाही. उपग्रह २०,००० किलोमीटरहून उंचावर आहेत आणि त्यांचा संदेश फुकट येतो. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. माळशेजच्या अलीकडे निळा ठिपका करड्या चौकोनात एकटाच फिरताना दिसतो, तो याचमुळे.

यावर सगळे सांगतात की ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. बरोबर आहे, पण एक मेख आहे. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, सायकलचा किंवा पायी जाण्याचा नाही. म्हणजे रेंज गेली की तुम्ही पुन्हा कारच्या मोडमध्ये, आणि शिट्टी ऐकायला तयार. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड या अ‍ॅपमध्ये नेट नसतानाही सायकलचा रस्ता निघतो. घरच्या वायफायवर महाराष्ट्र उतरवा, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून एकदा रस्ता काढून बघा. ही चाचणी घाटात करायची नसते.

नकाशा नसलेलं युनिट घेणं

खर्चिक चूक ही. स्वस्त युनिटवर "नेव्हिगेशन" लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा त्यात नुसती रेघ असते: कोऱ्या पडद्यावर तुमचा बाण आणि आखलेली वाट. आजूबाजूचे रस्ते नाहीत, गावांची नावं नाहीत. वाट चुकली तर ते पिंपिं करतं. नवा रस्ता काढून देत नाही. ओळखीच्या भागात, रेघ नीट आखलेली असेल तर एवढं पुरतं. अनोळखी तालुक्यात खोदकामासाठी रस्ता बंद असला की मात्र ते युनिट म्हणजे महागडं घड्याळ. घेण्याआधी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: यात नकाशा दिसतो का, आणि वाट चुकल्यावर फोनच्या मदतीशिवाय नवी वाट काढतं का?

परदेशातल्या भावाकडून मागवत असाल तर आणखी एक बघा. त्यात तिथलाच नकाशा असू शकतो. एका मैत्रिणीच्या युनिटमध्ये अख्खा युरोप होता आणि डोंबिवली नव्हती. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला भारताचा नकाशा फुकट मिळतो, पण तो भरता येतो की नाही हे मॉडेलवर ठरतं.

किरकोळ, पण हटकून होणाऱ्या

रेकॉर्डिंग मध्येच तुटतंय? अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप बंद करतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची मर्यादा काढा आणि लोकेशनला कायम परवानगी द्या.

सुरुवातीचा एक किलोमीटर वेडावाकडा? लोअर परळच्या दोन टॉवरांमधून निघालात तर भिंतींवरून परतलेले संदेश युनिटला गोंधळात टाकतात. उपग्रह आपल्या जागेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. फोन ती नेटवरून मिळवतो. युनिट फोनला जोडलेलं नसेल तर त्याला ती आकाशातूनच घ्यावी लागते. मोकळ्यावर येऊन दोन मिनिटं उभ्या राहा, मग बटण दाबा.

वरळी सी-फेसवर चढाई ३०० मीटर? युनिटच्या मागच्या बारीक भोकात घाम किंवा पाणी गेलंय. उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते, ते भोक तिच्यासाठीच असतं. साध्या पाण्याने धुवून वाळवा. टाचणी घालू नका.

वळणाच्या सूचना येत नाहीत? आखलेली वाट युनिटमध्ये भरतो ती जीपीएक्स फाईल. तिच्यात बरेचदा फक्त वाट असते, "डावीकडे वळा" नसतं. तीच वाट टीसीएक्स किंवा फिट या दुसऱ्या प्रकारच्या फाईलमध्ये उतरवून बघा.

सध्या माझ्या हँडलवर युनिट असतं आणि खिशात फोन, स्क्रीन बंद. त्याची बॅटरी मी नकाशाला देत नाही. यूपीआय, परतीचं लोकलचं तिकीट आणि "आई, उशीर होतोय" यासाठी ती लागते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांना मी युनिट घ्यायला सांगत नाही. परळ ते मरीन ड्राइव्हला कसला नकाशा? घेतलंत तर त्याला सुरक्षेचा दोरा बांधा. माझं सायन पुलाखालच्या खड्ड्यात माऊंटमधून उडालं आणि दोऱ्यावर लोंबकळत राहिलं, मागून बेस्ट येत होती.