गावच्या जुन्या घराची दुरुस्ती आणि त्याच खळ्यात लग्न: कसं जमवावं

घरात लग्न ठरलं की कोणीतरी म्हणतंच, "हॉल कशाला? गावच्या घरी करू." सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ओटी, खळ्यातली (म्हणजे घरापुढच्या अंगणातली) रांगोळी, सनई येते. माळ्यावरची वाळवी कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. मुंबई-पुण्यात नाहीतर दुबई-लंडनला राहायचं आणि वर्षातून दोनदा उघडणारं कोकणातलं घर लग्नाला उभं करायचं, तर कामांचा क्रम चुकून चालत नाही. रंग, दिवे, फुलं शेवटच्या महिन्यात होतात. छप्पर आणि संडास होत नाहीत.

मुहूर्ताआधी पावसाळा मोजा

लग्न वैशाखात धरू. मोसमी पाऊस कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, पण वळीव मेच्या मध्यापासून कधीही गाठतो. शक्यतो 10 मेच्या आतला मुहूर्त घ्या. (अधिक मास आडवा येत असेल तर असंही अलीकडे सरकावं लागतं, 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मेला सुरू होतो.)

आता मागे मोजत या. छपराचं काम लग्नाच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात उरकायचं, म्हणजे मधे एक अख्खा पावसाळा जातो आणि घर कुठे गळतं ते पाऊसच दाखवतो. गणपतीत घर भरलेलं असतं, तेव्हा गळतीच्या जागी खडूनं खुणा करून ठेवा. दसऱ्यानंतर भिंती, वायरिंग, संडास. गवंडीकाम शिमग्याआधी संपलंच पाहिजे. पालखी घरोघर फिरत असते तेव्हा कामावर कोणी येत नाही, आणि बोलावूही नये. त्यानंतर गडी आंब्याच्या काढणीला लागतात. एप्रिलमध्ये जास्त मजुरी देऊ केली तरी माणूस मिळेलच असं धरून चालू नका.

हातात सहाच महिने असतील तरी सुरुवात छपरापासूनच. पाऊस नाही म्हणून आढ्यावरून पाइपनं तासभर पाणी सोडून बघा. ही परीक्षा अर्धीच, कारण इथला पाऊस वाऱ्याबरोबर तिरका घुसतो. पण काहीच न बघण्यापेक्षा बरी.

कागद आणि भाऊबंद

ग्रामपंचायतीतून असेसमेंटचा उतारा, म्हणजे नमुना 8, काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा. बहुतेक वेळा आजोबा, त्यांचे भाऊ आणि कधीच परत न आलेला एखादा चुलता निघतो. सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. ती गणपतीत किंवा शिमग्यात मिळते, कारण एरवी सगळे एका छपराखाली नसतात. खर्च कोण करणार आणि खर्च केला म्हणून खोली त्याची होणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा. लग्नाच्या गोडव्यात हे विचारायला जड जातं, म्हणूनच आधी विचारायचं.

दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीला अर्ज करा. घर भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत किंवा खाडीकाठी असेल तर सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमांची चौकशी आधीच करा. असलेल्या अधिकृत घराची जोतं न वाढवता दुरुस्ती करता येते. "काम काढलंच आहे तर मागे दोन खोल्या काढू" इथे मात्र गाडं अडतं.

कागद झाले की ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला. मानकऱ्यांना आणि वाडीला अशी आधी वर्दी दिलेली असली की पुढे मांडवाला माणसं आपणहून येतात.

छप्पर: इथे पैसा आणि वेळ दोन्ही घाला

माळ्यावर बॅटरी आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन चढा. वाशाच्या मधोमध नव्हे, तो भिंतीवर टेकतो त्या टोकाला टोचून बघा. ओल तिथेच मुरते आणि कूज तिथूनच सुरू होते. स्क्रूड्रायव्हर लोण्यासारखा आत गेला तर वासा बदला. टोचवत नसेल तर मुठीनं ठोका: निबर लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द. भिंतीवरून वर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवीची वाट आहे. नळी मोडून ठेवा आणि चार दिवसांनी बघा. पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे, आणि नुसता वासा बदलून भागणार नाही; जोत्यापासून उपाय करून घ्या.

जुनं साग, फणस, ऐन, किंजळ दिसलं की सुतार "सगळं काढून लोखंडी करू" म्हणाला तरी ऐकू नका. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला दर थोड्या वर्षांनी रंग लागतो. जुना साग कोरडा राहिला तर तुमच्या नातवंडांचीही लग्नं बघेल. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची इथली जुनी पद्धत अजून चांगली आहे. फक्त ते अंगाला लागलं की फोड येतात, म्हणून हातमोजे हवेतच.

मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. नवी आणायला जाताना एक जुनं कौल बरोबर न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, आणि पाऊस नेमका त्या फटीतून येतो. सरळ उपाय असा, की शाबूत जुनी कौलं सगळी एका पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, गोळा करायची आणि दुसरं पाखं नव्या कौलांचं करायचं. फोटोत ओटी येणार, तर जुनी कौलं पुढच्या बाजूला. पन्नासेक जास्तीची मागच्या पडवीत रचून ठेवा. वानरं लग्नाची तारीख विचारून उड्या मारत नाहीत.

भिंती

जांभ्याचा चिरा श्वास घेतो: पावसात ओल पितो, उन्हात सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते आणि वर्षाच्या आत पोपडे निघतात. चुन्याचा गिलावा करा, वर चुन्याची सफेदी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून हे काम नाताळच्या सुमाराला आटोपलेलं बरं. वेळ उरला नसेल तर भिंतींना हात लावू नका. उघडा जांभा दिसायला देखणाच असतो.

पाणी, संडास, वीज

विहिरीचा गाळ उपसायचा तो पाणी सर्वांत खाली जातं तेव्हा, म्हणजे मेमध्ये; पण लग्नाच्या तोंडावर उपसली तर पाहुण्यांना गढूळ पाणी प्यावं लागेल. म्हणून हेही आदल्या वर्षीच, छपराबरोबर. लग्नाआधी फक्त टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला 2.5 ग्रॅम हा हिशेब. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 2 मीटर पाणी असेल तर ते सुमारे 14 हजार लिटर भरतं, म्हणजे 35 ग्रॅम. बादलीत कालवा, निवळी विहिरीत सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या.

एका संडासावर लग्न होत नाही. नवा बांधताना शोषखड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून घाण दूरवर झिरपते. शेजाऱ्याची विहीरही त्याच मोजमापात धरा. दोन दिवसांसाठी लागणारे जादा संडास भाड्यानं आणा. पुढे वर्षभर बंद राहणारे चार संडास बांधण्यात अर्थ नाही.

वायरिंग जुनं असेल तर अख्खं बदला, अर्थिंगसकट. मांडवाची रोषणाई घराच्या मीटरवर टाकू नका; तात्पुरती जोडणी घ्या आणि जनरेटर ठरवा.

लांबून देखरेख

गावात जबाबदार माणूस एकच ठेवा, काका किंवा चुलतभाऊ. चौघांनी चार सूचना दिल्या की गवंडी पाचवंच करतो. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. फोटो मागवताना मोजपट्टी लावून मागवा, आणि जे पुढे झाकलं जाणार, म्हणजे नळ, वायरी, वाशांची टोकं, त्याचे फोटो आधी. रंगवलेल्या भिंतीचा फोटो काहीच सांगत नाही.

खळं आणि मांडव

खळ्याला पेव्हर ब्लॉक घालायचा मोह आवरा. वैशाखात ते असे तापतात की अनवाणी नवरीला उभं राहवत नाही. जुनी जमीन खणून, ढेकळं फोडून, पाणी मारून चोपून घ्या. टाच दाबून ठसा उठत नसेल तर चोपणी झाली. मग शेणाचं सारवण, पहिलं सुकल्यावर दुसरं आडव्या हातानं. शेवटचा हात लग्नाच्या आदल्या दिवशी.

मांडवाला पोफळीचे वासे आणि माडाचे झाप. झाप आदल्या आठवड्यातच विणून घ्या, फार आधी विणले की सुकून गळतात. आचाऱ्याची चुलवणं मागच्या अंगणात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि झापांपासून लांब. शेजारी भरलेली पिंपं ठेवा. वळिवासाठी ताडपत्री मांडवाच्या एका कडेला गुंडाळून बांधलेलीच असू दे. ढग आल्यावर ताडपत्री शोधणारी माणसं प्रत्येक लग्नात असतात.

पाहुण्यांची तिकिटं विसरू नका. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्यात कोकण रेल्वेच्या गाड्या बघता बघता भरतात. तारीख कळवताना आरक्षण उघडण्याचा दिवसही कळवा. परतीचं वेगळं लिहा, लोक तेच विसरतात.

लग्न झालं की मुंबईला पळायच्या आधी दोन कामं: पन्हळींत अडकलेल्या झावळ्या आणि फुलांच्या माळा काढा, आणि मांडव बांधताना कोणी कौलांवर चढलं असेल तिथली कौलं एकदा तपासून घ्या.