नवी कॅराव्हॅन घाटात नेण्याआधी

कोल्हापूरहून गगनबावड्याकडे निघण्याआधी टायर पाहा. नक्षी शाबूत असली तरी उभ्या गाडीचं रबर तडकतं. बाजूवरचे चार अंक वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर आम्ही तरी घाटात नेणार नाही.

पाण्याची टाकी मुक्कामाजवळ भरा. 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि करूळ घाट उतरताना तो भार ब्रेकवर येतो. उतारावर खालचाच गिअर ठेवा. ब्रेक सतत दाबला की तापतो, पकड सुटते.

सिलिंडर उभा बांधा, गाडी चालताना बंद ठेवा, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळतीचा अलार्म तळाशी लावा.