टोयोटा हायलँडर गाडीच्या मागे बाईक न्यायची तर कॅरिअर कसा निवडला

आम्ही डेन्व्हरला राहतो आणि युटामधल्या मोआबच्या ट्रेल्सवर माझी यामाहा टीडब्ल्यू२०० न्यायची होती. ट्रेलर ठेवायला जागा नाही, म्हणून हिचवर (गाडीच्या मागे ओढण्यासाठी असलेल्या जोडणीवर) बसणारा कॅरिअर बघायला लागलो. सगळे आधी टोइंग कपॅसिटी विचारतात, पण इथे तिचा काही उपयोग नाही हो, बघायचं ते टंग वेट, म्हणजे हिचवर उभा पडणारा भार! माझी हायलँडर ५००० पाउंड ओढते पण हिचवर उभा भार फक्त ५०० पाउंड चालतो, आणि त्यात बाईकचे २७८ धरायचे, वर कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं, स्टीलचा घेतला तर तेच शंभरच्या आसपास जातं. शिवाय बाईक हिचपासून लांब, मागे लटकते, त्यामुळे खड्ड्यात ताण अजून वाढतो. म्हणून मी ॲल्युमिनियमचा घेतला, २ इंची रिसीव्हरवाला (रिसीव्हर म्हणजे हिचचं चौकोनी तोंड, ज्यात कॅरिअरची नळी बसते). सव्वा इंचीवर अ‍ॅडाप्टर लावून बाईक न्यायचा विचारसुद्धा करू नका, प्लीज.

खरा त्रास हलण्याचा होता, रिसीव्हरमध्ये नळी सैल बसते आणि अख्खी बाईक डावी-उजवीकडे डुलते, तो त्रास हिचला आवळून बसवायच्या क्लॅम्पने गेला. पट्टे रॅचेटचे, हँडलला दोन, मागे दोन, पुढचे शॉक थोडे दबेपर्यंत ताणायचे. आणि गाडीच्या सायलेन्सरचा गरम धूर बाईकच्या टायरवर येत नाही ना तेवढं बघा, टायर खरंच वितळतो. गाडीचे टेललाइट झाकले जात होते, तर ट्रेलरच्या दिव्यांसाठीच्या चार पिनच्या वायरिंगवर वेगळे दिवे जोडले.