कललेला डायनासोर पुन्हा ताठ उभा करा
कॉन्कॅव्हेनेटर, क्रायोलोफोसॉरस असे दोन पायांवर उभे असलेले पीव्हीसीचे छोटे डायनासोर हळूहळू पुढे कलतात आणि पडताना शेजारच्यालाही घेऊन पडतात. तळव्याला चिकटपट्टी लावणं ही नुसती मलमपट्टी. वाक घोट्यात असतो.

१. पाणी उकळून जरा निवू द्या. त्यात फक्त पाय अर्धा-एक मिनिट बुडवा.
२. मऊ झाले की हळूच वळवा, हवे त्यापेक्षा किंचित जास्त मागे, कारण ते थोडे परत येतातच.
३. तसेच धरून लगेच बर्फाच्या पाण्यात. पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. घाई इथेच नडते.

वाकडी शेपटीही अशीच सरळ होते.

रेझिनच्या प्रतिकृतीवर मात्र हे करू नका, बारीक भाग मोडू शकतात.