लिंक फोल्डरसारखी दिसते, फोल्डर नसते

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. माझ्या मॅकवर आणि सर्व्हरच्या लिनक्सवर बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार होणं) हिरवागार, म्हणजे बिनचूक, आणि विंडोजवाल्या सहकाऱ्याचा मेसेज : "अरे, तुझा बिल्ड माझ्याकडे फुटतोय." त्याच्या स्क्रीनवर 'आयकॉन्स' फोल्डरच्या जागी त्याच नावाची चिमुकली फाइल होती. नोटपॅडमध्ये उघडली तर आत एकच ओळ, '../कॉमन/आयकॉन्स'.

'आयकॉन्स' हे खरं तर सिमलिंक होतं, म्हणजे दुसऱ्या जागेच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट सिमलिंक साठवतं ते असंच, 'ही लिंक आहे' सांगणारा मोड 120000 लावून नुसता पत्ता लिहून ठेवतं. विंडोजवर सिमलिंक बनवायला ॲडमिनचे हक्क किंवा डेव्हलपर मोड लागतो. गिटमधलं सिमलिंकचं सेटिंग बंद असेल, तर हातात ती चिठ्ठी तेवढी येते.

मग मी शहाणपणा केला. त्याला गिट बॅशमध्ये (विंडोजवर लिनक्ससारख्या कमांड चालवायची खिडकी) 'एलएन -एस' ही सिमलिंक बनवायची कमांड चालवायला सांगितलं. चाललं की! दोन दिवसांनी कॉमनमधलं आयकॉन बदललं, तरी त्याच्याकडे जुनंच दिसत राहिलं. अर्धा दिवस आम्ही कॅशेला, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतींना, शिव्या घातल्या. गिट बॅशने लिंक केलीच नव्हती, गुपचूप अख्खं फोल्डर कॉपी केलं होतं. तिथली ही नेहमीचीच रीत आहे, वेगळं सेटिंग केलं तरच खरी लिंक बनते.

फोल्डरपुरतं बोलायचं तर विंडोजवरचा सोपा उपाय म्हणजे जंक्शन, फोल्डरसाठीची विंडोजची स्वतःची लिंक. विंडोज 2000 पासून आहे आणि ॲडमिन लागत नाही. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये लिंक बनवणाऱ्या 'एफएस.सिमलिंक'ला तिसरा आर्ग्युमेंट 'जंक्शन' द्या. मॅक-लिनक्सवर तो दुर्लक्षिला जातो, त्यामुळे एकच ओळ तिन्हीकडे चालते. हाताने करणार असाल तर विंडोजच्या 'एमकेलिंक /जे' कमांडमध्ये आधी लिंकचं नाव, मग मूळ फोल्डर. 'एलएन'मध्ये बरोब्बर उलटं. मी अजूनही दरवेळी थबकतो. आणि सिमलिंकमधला सापेक्ष पत्ता लिंक जिथे बसते तिथून मोजतात, तुम्ही टर्मिनलमध्ये उभे असता तिथून नाही.

सगळ्यात महागात पडलं ते पुसणं. जुन्या फाइली पुसणारी 'क्लीन' स्क्रिप्ट मीच लिहिलेली. फोल्डर दिसलं की आत शिर, सगळं उडव, असा साधा रिकर्शन. फोल्डर आहे की नाही ते ओळखायला नोडचं 'स्टॅट' वापरलं होतं, आणि 'स्टॅट' लिंकच्या पलीकडे जाऊन बघतं. स्क्रिप्ट लिंकमधून थेट कॉमनमध्ये शिरली आणि तिथले आयकॉन साफ. बहुतेक गिटमधून परत आले, पण डिझायनरने सकाळीच दिलेले, कमिट न केलेले (गिटमध्ये अजून न नोंदवलेले) दोन गेले ते गेलेच. तिच्याकडे ते पुन्हा मागायला जाताना जिना फार लांब वाटला.

तिथे 'एलस्टॅट' हवं होतं. ते लिंकला लिंकच म्हणतं, जंक्शनलासुद्धा. मग 'अनलिंक' केलं की नुसती लिंक जाते. पायथनवाल्यांनी जरा जपून : तिथे 'ही लिंक आहे का' विचारणारं 'इझलिंक' जंक्शनला नाही म्हणतं, त्यासाठी 3.12 पासून वेगळं 'इझजंक्शन' आलंय.

त्या रेपोत (प्रोजेक्टच्या गिटमधल्या साठ्यात) चार लिंका होत्या. नीट बघितलं तर तिघींची गरजच नव्हती, कॉन्फिगमध्ये सरळ पाथ देऊन भागलं. चौथी अजून आहे.