नवा पंप मागण्याआधी या चुका तपासा

सीओपीडीचा (श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) पेशंट ‘पंपाने (इन्हेलरने) काही फरक पडत नाही’ म्हणाला की मी आधी त्याला माझ्यासमोर पंप घ्यायला लावते. कोपरीत माझं मेडिकल आहे. पावसाळ्यात कळव्याचे एक काका आले. रोटाहेलरमध्ये, म्हणजे पावडर ओढायच्या पंपात, कॅप्सूल घातली, फिरवली आणि गरम चहाचा घोट घ्यावा तसा बेताने श्वास घेतला. उघडून पाहिलं तर बरीचशी पावडर आतच!

पावडरच्या पंपाला जोर लागतो. तोंड बाजूला करून श्वास सोडायचा, मग जोरात, खोल ओढायचा आणि १० सेकंद धरायचा. फवाऱ्याच्या पंपाचं उलट: श्वास सावकाश ओढत डबा दाबायचा. छातीत तेवढा जोर नसेल तर महागातली पावडरही उपयोगाची नाही. काकांच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी फवारा आणि स्पेसर (फवाऱ्याच्या पंपाला लावायची पोकळ नळी) लिहून दिला. म्हणून औषधाच्या नावाआधी श्वासाचा जोर आणि हाताची पकड बघायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात. ती ओढायचीच असते. आठवड्याच्या कॅप्सूल आधीच काढून डबीत ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत पावडर चिकटते.

शेजाऱ्याचा पंप आणू नका. त्याला दमा असेल, तुम्हाला सीओपीडी, आणि स्पायरोमेट्रीशिवाय (फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) दोन्हींत गल्लत सहज होते. सीओपीडीत मुख्य आधार टायोट्रोपियमसारख्या, श्वासनळ्या बराच वेळ मोकळ्या ठेवणाऱ्या औषधांचा. लगेच आराम देणारं सालब्युटामॉल ४ ते ६ तासच टिकतं. रोज तेवढ्यावरच भागवत असाल तर डॉक्टरांना सांगा. पंपातलं स्टेरॉइड सगळ्यांना लागत नाही. वारंवार त्रास बळावत असेल आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला ३०० किंवा जास्त असतील तर फायदा जास्त, पण न्यूमोनियाचा धोकाही वाढतो. मात्र चालू असलेलं मनाने बंद करू नका. घेतल्यावर चूळ भरून थुंका.

ओठ निळसर झाले, एक वाक्यही सलग बोलता येईना, तर पंप तपासत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा. फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या. पुसल्यावर औषध आत चिकटतं.

आणि काउंटर (उरलेले पफ दाखवणारा आकडा) नसलेल्या डब्यावर सुरू केल्याची तारीख लिहा. रोज ४ पफ घेतले तर २०० पफांचा डबा ५० दिवसांत संपतो. ५१ व्या दिवशीही फवारा उडेल, पण त्यात औषध असेलच असं नाही.